एकास एक, आणि बाकीचे सगळे

पिंपळवंडी, ता. जुन्नर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप भगवंतमामा यांच्या चरणी भाची हर्षाली हिचा नमस्कार. (प्रत्यक्षात आपण कधी वाकू देत नाही; "ऱ्हाऊ दे, पोचला" म्हणून दोन पावले मागे सरता. कागदावर आपल्याला मागे सरता येत नाही, म्हणून तो येथे सावकाश आणि पूर्ण वाकून केला आहे.)

आपली प्रकृती उत्तम असावी. गुडघा आता जिना चढू देतो का? दुकानात मोटारी भरपूर येत आहेत ना? (लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी जळाव्यात अशी इच्छा धरणे पाप आहे हे मी जाणते, परंतु मोटार रिवायंडिंग करणाऱ्या मामाचे कुशल चिंतायचे तर दुसरा मार्ग दिसत नाही.) आणि चष्मा सापडला का? मंचरच्या बाजारातून आणलेला चौथाही हरवला, असे सारजामामी फोनवर सांगत होत्या. तो सापडेपर्यंत हे पत्र नेहमीप्रमाणे मामीच वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही येथेच नमस्कार, आणि नम्र विनंती की कंसातला मजकूरसुद्धा वाचावा. मागच्या खेपेला त्यांनी कंस गाळले तेव्हा "पोरीनं एवढ्या लांबून निस्ती तारीख कळवली व्हय?" असे आपण विचारल्याचे समजले.

मामींकडून आणखी एक गोष्ट समजली. मंचरच्या प्रशिक्षण केंद्राने मुलांना रिवायंडिंग शिकवण्यासाठी आपल्याला बोलावले, महिनाअखेरपर्यंत अर्ज भरून द्या म्हणाले, आणि आपण "येळ न्हाई" म्हणून त्यांना परत पाठवले. एवढा मान चालून आला असता नकार का दिला, हे विचारण्याचा मला वयाने अधिकार नाही. म्हणून मी ते विचारत नाही आणि माझ्याच नोकरीची हकिगत लिहिते. "तू कॉलेजात नक्की करती काय?" असे आपण दिवाळीत विचारले होते. मी त्या वेळी "शिकवते" एवढेच म्हणून लाजून स्वयंपाकघरात पळाले होते. सविस्तर उत्तर पुढीलप्रमाणे.

मामा, काही मुले बुद्धीने उत्तम असतात, ऐकलेले त्यांना नीट कळते, बोलतातही झकास. पण छापील मजकूर समोर आला की अक्षरे त्यांच्या ताब्यात राहत नाहीत. ओळ सुटते, शब्द जागा बदलतात, आणि दुसरा विद्यार्थी पान संपवतो तोवर ही मुले तिसऱ्या ओळीशी झुंजत असतात. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नव्हे, नजरेचा दोष नव्हे, आणि मास्तरांनी कान पिळल्याने तो बराही होत नाही (तो प्रयोग सर्वत्र पुरेसा झालेला आहे). अशा विद्यार्थ्याला महाविद्यालयाने एक साहाय्यक द्यावा, त्याने शांत खोलीत मजकूर वाचून दाखवावा, आकृत्या काढून समजवावे, परीक्षेसाठी वाचक आणि वाढीव वेळ मिळवून द्यावा, अशी ती योजना. तिचे नाव "एकास एक साहाय्य". एक विद्यार्थी, एक साहाय्यक, तिसरे कोणी नाही. तो साहाय्यक म्हणजे मी. दहावीला परीक्षा केंद्रात पहिली आलेली, एम.ए.ला पदक मिळवलेली, आणि बसमध्ये कंडक्टरला थांबा सांगण्याचा धीर न झाल्याने तीन वेळा थेट नारायणगावाला उतरलेली मी.

माझा विद्यार्थी ऋतिक. पश्चिमेकडच्या डोंगरातला, भातशेती करणाऱ्या घरातला. विषय भूगोल. शेवटच्या वर्षाचा एकच पेपर दोन वेळा राहिला होता. त्याचे वडील हौशीराम यांनी तिसऱ्या परीक्षेपुरतीच मुदत दिली होती. हाही प्रयत्न वाया गेला तर पुस्तके माळ्यावर आणि ऋतिक कायमचा औतामागे. औताला माझा विरोध नाही. परंतु हा मुलगा ढग पाहून कोणत्या खाचरात आधी पाणी चढेल ते सांगत असे, आणि त्याच पाण्यावरचा पेपर त्याला पास करीत नव्हता. याचे मला फार वाईट वाटले.

आता खोली. शांत म्हणावी अशी एकच खोली रिकामी होती, ती क्रीडासाहित्याची. एका बाजूला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत व्हॉलीबॉलची जाळी टांगलेली, कोपऱ्यात भाल्यांची मोळी, आणि वर एक पंखा, जो फिरत नाही, केवळ लोंबतो. तीही मी आनंदाने स्वीकारली. पण पहिल्याच दिवशी प्राचार्यांच्या लक्षात आले की एक तरुण मुलगी आणि एक तरुण मुलगा एका खोलीत बसणार, आणि तेही सरकारी योजनेखाली. त्यांच्या कपाळावर घाम आला. (ते सज्जन आहेत, त्यांना जगाचे भय नाही, तालुक्याचे आहे.) त्यांनी तीन आदेश काढले. दार आणि खिडकी सताड उघडी राहतील. साफसफाई करणाऱ्या धोंडाबाई तास संपेपर्यंत खोली सोडणार नाहीत. आणि मी इतक्या मोठ्याने वाचीन की समोरच्या कॅन्टीनपर्यंत शब्द न् शब्द पोचेल. कॅन्टीनचे दादाभाऊ तो ऐकतील, आणि आवाज थांबला असे वाटले तर कोणतेही निमित्त काढून आत डोकावतील.

मामा, माझा आवाज आपण जाणता. मी "हजर" म्हटलेले बाईंना ऐकू न आल्याने पाचवीत माझी वर्षभर गैरहजेरी लागली होती. अशा मला नदीचे कार्य कॅन्टीनला ऐकवायचे होते. मी "नदीचे खनन, वहन व संचयन" असे म्हटले, ते समोर बसलेल्या ऋतिकलाही पोचले नाही. दाराशी वाटाणे सोलत बसलेल्या धोंडाबाई म्हणाल्या, "बाई, तुमी वाचताय का मनात सोत्र म्हनताय?"

त्याहून मोठी आपत्ती दादाभाऊंच्या निमित्ताने आली. निमित्त म्हणून त्यांना चहाच सुचला. ऋतिकचे असे होते, की ऐकलेले तो आधी मनात मांडून घेतो, त्याला दोन-तीन मिनिटे शांतता लागते, आणि मगच बोलतो. ती दोन-तीन मिनिटे म्हणजेच त्याचा खरा अभ्यास. पण शांतता झाली रे झाली, की दादाभाऊ चहा घेऊन दारात हजर. "कोन न्हाई बोलवलं, आपलं सहजच," असे म्हणून खोलीभर नजर फिरवायचे, आमच्यातले अंतर डोळ्यांनी मोजायचे आणि कप ठेवून जायचे. जितका विचार, तितके चहा. मैदानी प्रदेशातली नदी ऋतिकला विशेष अवघड गेली, त्या दिवशी मी अकरा कप प्याले. (नको म्हणायला मोठा आवाज लागतो.) त्या रात्री मला झोप आली नाही, पण नदीची तिन्ही कार्ये पाठ झाली.

पुढे दादाभाऊंना विषयाची गोडी लागली. कप ठेवून ते जाईनात. त्यांच्या मागे चहा मागायला आलेली गिऱ्हाइके येऊ लागली, भूगोलात राहिलेल्या दोन मुली जाळीखाली येऊन बसू लागल्या, आणि एके दिवशी स्वतः हौशीराम इंद्रायणी तांदळाचे पोते खांद्यावर घेऊन अवतरले. मुलाला नेमके झाले आहे काय, हे त्यांना समक्ष पाहायचे होते. मी सगळे समजावून सांगितले (माझ्या आवाजात, ते धोंडाबाईंनी पुन्हा त्यांच्या आवाजात सांगितले). हौशीराम पोते खाली ठेवून त्यावर बसले आणि म्हणाले, "म्हंजी पोरगं ठोंब्या न्हाई?" मी मान हलवली. "मंग धा वरीस आमी त्याला कशापाई झोडपलं?" ऋतिक खिडकीबाहेर पाहत होता. शांतता झाली, आणि नियमाप्रमाणे चहा आला.

त्या दिवसापासून हौशीरामही गुरुवारच्या गुरुवारी येऊ लागले. अशा रीतीने आमचे एकास एक साहाय्य हळूहळू एकास आठ झाले, आणि हा तास महाविद्यालयात सर्वाधिक उपस्थितीचा ठरला. लाजेने माझा जीव अर्धा झाला होता हे खरे. पण लपवण्यात अर्थ नाही, ऋतिक त्या गर्दीत फुलत होता. धोंडाबाई अडल्या की तो त्यांना समजावून सांगे. "भाताच्या आवणीच्या टायमाला पाट वळतो बघ मावशे, तवा भायेरचा बांध पानी खातं आन आतल्या अंगाला गाळ टाकतं. तसंच नदीचं." पुस्तकाने जे दीड पान घेऊन सांगितले ते त्याने एका पाटात सांगितले. धोंडाबाई कधी शाळेत गेलेल्या नाहीत, परंतु ऐकलेले त्यांच्याकडून सांडत नाही. महिन्याभरात त्या झाडू मारताना वऱ्हांड्यात साचलेल्या पाण्याला "नालाकृती सरोवर" म्हणू लागल्या.

अशा वेळी विद्यापीठाचे पत्र आले. आपल्याकडील साहाय्य खरोखर एकास एक होते की केवळ कागदोपत्री, हे पाहण्यास एक बाई येत आहेत. त्यांचे समाधान झाले तरच ऋतिकला परीक्षेत वाचक आणि एक तास अधिक मिळेल. समाधान न झाले तर तो पुन्हा एकटा, समोर छापील प्रश्नपत्रिका, आणि मग औत. प्राचार्यांनी दवंडी पिटवल्यासारखे सांगितले की त्या दिवशी खोलीत माझ्याखेरीज आणि ऋतिकखेरीज चिटपाखरू दिसता कामा नये.

येथे घोटाळा झाला, आणि त्यात कोणाचाही दोष काढता येत नाही. धोंडाबाईंना प्राचार्यांचा पहिला आदेश होता की तास संपेपर्यंत खोली सोडायची नाही. तो कोणी मागे घेतला नव्हता. आता दुसरा आदेश होता की दिसायचे नाही. सव्वीस वर्षे नोकरीत एकही आदेश न मोडलेल्या धोंडाबाईंनी दोन्ही पाळायचे ठरवले. व्हॉलीबॉलच्या जाळीवर त्यांनी सतरंजी पसरली आणि त्या मागे जाऊन बसल्या. दादाभाऊंवरही आवाजावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी होती. तेही किटली घेऊन सतरंजीमागे गेले. नेमका गुरुवार असल्याने हौशीराम आले, आणि दोन्ही मुली तर सकाळपासून तिथेच होत्या. मी आणि ऋतिक खोलीत आलो तेव्हा आम्हाला वाटले की सतरंजी वाळत घातली आहे.

विद्यापीठाच्या बाई आल्या. प्राचार्य सोबत होते. बाईंनी ऋतिकच्या हाती छापील प्रश्न दिला, आणि त्याचा चेहरा पाटी पुसावी तसा पुसला गेला. नियमाप्रमाणे मी तो प्रश्न वाचून दाखवायचा होता. मी कागद घेतला. समोर परक्या बाई, बाजूला प्राचार्य. मामा, मी तोंड उघडले आणि आतून काहीही बाहेर आले नाही. अर्धे मिनिट गेले. एक मिनिट गेले. ऋतिक माझ्याकडे पाहत होता, आणि पहिल्यांदाच मला कळले की समोर अक्षरे असून ती तोंडापर्यंत न पोचणे म्हणजे काय असते. बाईंनी वहीत काहीतरी लिहायला घेतले.

तेवढ्यात सतरंजीमागून आवाज आला, "मोठ्यानं, बाई! कॅन्टीनपातूर गेलं पायजे!"

बाईंचे पेन थांबले. प्राचार्य छताकडे पाहू लागले, जणू आवाज पंख्यातून आला होता. आणि मला, का कोण जाणे, आपले दुकान आठवले. दहावीच्या वर्षी मी शाळा सुटल्यावर तिथे येऊन बसायचे, आपण तार गुंडाळायचात, मोटारीची चाचणी चालू असायची, आणि त्या घरघराटावर मात करून मी इतिहास-भूगोल वाचायचे. जगात आपल्याखेरीज कोणासमोर मी मोठ्याने वाचू शकत नव्हते. आपण मध्येच मशीन थांबवून विचारायचात, "थांब, त्यो पानिपतावर गेला तवा मागं रसद कोन बघत व्हतं?" आणि मला ते पुन्हा शोधावे लागायचे. मी डोळे मिटले, आपली मोटार सुरू आहे असे धरले, आणि तो प्रश्न वाचला. तो कॅन्टीनच काय, बसथांब्यापर्यंत गेला. थांब्यावर उभा असलेला एक गृहस्थ "काय झालं? काय झालं?" करीत फाटकात आला, असे मागाहून समजले.

ऋतिकने नेहमीप्रमाणे डोळे खाली घातले आणि तो विचार करू लागला. शांतता झाली. मामा, त्या शांततेत सतरंजीच्या खालच्या कडेतून एक हात हळूच बाहेर आला आणि त्याने चहाचा कप जमिनीवर ठेवला.

बाईंनी तो कप पाहिला. मी पाहिला. प्राचार्यांनी पाहण्याचे नाकारले. आणि ऋतिक बोलू लागला. पाट, बांध, आतला गाळ, बाहेरची झीज, तिथून नदीची वळणे, तिथून पूरमैदान. सहा मिनिटे तो थांबला नाही. त्याने संपवताच सतरंजी कळवळून म्हणाली, "आरं लेका, नालाकृती सरोवर ऱ्हायलं की!" आणि तिला आवरण्यासाठी दादाभाऊंनी घाईने हात घातला असावा, कारण खिळा निघाला आणि जाळी, सतरंजी, भाले असे सगळे खाली आले. मागे किटलीसह दादाभाऊ, पोत्यावर हौशीराम, दोन मुली, आणि कमरेवर हात ठेवून धोंडाबाई.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्यांनी विचारले की हे कोण. प्राचार्य म्हणाले की हे साहित्य आहे. हौशीराम पोत्यावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "बाईसाब, आमाला भायेर काढा, पर पोराला काढू नका. त्याची अक्कल आमालाच लई उशिरा दिसली." त्यावर बाईंनी वाकून कप उचलला. त्या तो चहा प्याल्या. नंतर त्यांनी धोंडाबाईंना नालाकृती सरोवर म्हणजे काय असे विचारले, आणि धोंडाबाईंनी ते असे सांगितले, की वळणे घेता घेता नदी एखादे दिवशी सरळ निघून जाते आणि वळण मागेच राहते, पाण्यासकट. अहवालात शेवटी शेरा आला: "नियमानुसार एका विद्यार्थ्यामागे एक साहाय्यक हवा. येथे सहा आढळले. ही उणीव मानता येत नाही."

ऋतिकला वाचक मिळाला, एक तास अधिक मिळाला. पेपर झाला. निकाल परवा लागला. एकसष्ट गुण. हौशीरामांनी पेढे वाटले, आणि पुस्तके माळ्याऐवजी फडताळात ठेवली. ऋतिक आता पुढे एम.ए.ला जाणार म्हणतो. केवळ धोंडाबाई थोड्या नाराज आहेत. "माजा रिजल्ट कदी?" असे त्या रोज विचारतात.

इतकेच. घरी सर्व क्षेम आहे. आई-बाबांचा नमस्कार. पत्र लांबले याबद्दल क्षमा असावी. बोलताना वाचवलेले सगळे शब्द माझ्याकडे साठून राहतात आणि मग आपल्यावर येऊन पडतात.

आपली आज्ञाधारक,
हर्षाली

ता. क. १: सारजामामी, माझी निळी छत्री आपल्याकडेच राहिली आहे. घाई नाही.

ता. क. २: पाकिटात एक मेमरी कार्ड आहे. ते दुकानातल्या स्पीकरला लावायचे आहे. त्यावर मोटारीच्या तांब्याच्या तारांविषयी एक अत्यंत रटाळ व्याख्यान आहे. मामांखेरीज कोणालाही रस वाटणार नाही, तेव्हा मामींनी ऐकण्याचे कष्ट घेऊ नयेत.

ता. क. ३ (हा मामींजवळच्या कागदावर नाही. हा मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला, कार्डावर वाचून दाखवला, आणि चिठ्ठी माझ्याच वहीत ठेवली): मामा, दुकानाचे शटर खाली ओढा. तारांचे व्याख्यान नाही. लेखी खोटे मी आयुष्यात प्रथमच लिहिले. या कार्डावर हे संपूर्ण पत्र मी स्वतः वाचले आहे, कंसासकट, मोठ्याने. दिवाळीत सेलोटेप शोधताना मी आपल्या बाकाखालचा बिस्किटांचा डबा उघडला होता. आत चारही चष्मे होते. भिंगांवरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. तेव्हा मला काही उमगले नाही. ऋतिकशेजारी तीन महिने बसल्यावर उमगले. आपल्या नात्यातल्या संस्कृतीच्या लग्नाला निघून आपण दारावरची नावे न पाहता शेजारच्या कार्यालयात भलत्याच वधूवरांना आहेर करून, जेवून, वर जिलबीचे कौतुक करून आलात, तेव्हा सगळ्यात जास्त मी हसले होते. त्याची क्षमा मागते. आणि दहावीचे ते वाचन माझ्या अभ्यासासाठी होते असे मी समजत होते. पानिपतामागची रसद मात्र आजही आपल्याला आठवते, मला नाही.

आपण ठोंब्या नाही, मामा. कधीच नव्हता. मंचरच्या लोकांना होकार कळवावा. अर्ज मी वाचीन, आपण सांगावे, मी लिहीन. ही लबाडी नाही, योजना आहे. तिथे मुलांची हजेरी घ्यावी लागेल, त्या हजेरीपटाचीही युक्ती काढू. त्यासाठी येत्या रविवारी अकरा वाजता आमच्या खोलीत यावे. खरे कारण मी कोणालाही सांगितलेले नाही. सर्वांना वाटते की आपण पंखा दुरुस्त करायला येत आहात (तो येता येता केलात तर उपकार होतील). आपले काम संपूर्ण खाजगी राहील. साहाय्य एकास एकच असते. धोंडाबाई सतरंजीमागे असतील, चहा दादाभाऊ आणतील, हौशीराम तांदूळ घेऊन येणार आहेत, आणि आपण अडाल तिथे शेजारी शांत बसायला ऋतिक आहे.

चष्मा आणू नये.